दावीदाला क्षमा मिळाली. उरीयाच्या वाट्याला काय आले?

पैलतीर (मूळ लेख)

बायबलमधील शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील अकरावा आणि बारावा अध्याय ख्रिस्ती प्रवचनांतून बहुधा पश्चात्तापाचा आदर्श म्हणून वाचला जातो. दावीद राजाने आपल्याच सैन्यातील उरीया हित्ती याच्या पत्नीला, बथशेबेला, राजवाड्यात आणवले. ती गरोदर असल्याचे कळल्यावर प्रकरण झाकले जावे म्हणून त्याने उरीयाला रणांगणावरून बोलावून घरी जाण्याचा आग्रह केला. कराराचा कोश (देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी) आणि सारे सोबती उघड्यावर असताना मी घरी जाऊन सुखाने कसा राहू, असे म्हणून उरीया राजवाड्याच्या दाराशीच झोपला. तेव्हा राजाने सेनापती यवाबाला पत्र लिहिले, की उरीयाला घनघोर लढाईच्या तोंडी ठेवा आणि त्याला एकटा सोडून मागे सरका. ते पत्र उरीयाच्याच हाती देऊन पाठवले गेले. स्वतःच्या मृत्यूची आज्ञा त्याने स्वतःच नेऊन पोहोचवली.

पुढे नाथान संदेष्टा येतो, एका श्रीमंताने हिसकावलेल्या गरिबाच्या एकुलत्या एक कोकरीची गोष्ट सांगतो, राजा संतापतो आणि ‘तो मनुष्य तूच आहेस’ हे शब्द ऐकतो. ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे,’ असे दावीद म्हणतो आणि त्याच वचनात (१२:१३) नाथान उत्तर देतो, की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. कबुली आणि क्षमा यांच्यात एका श्वासाचे अंतर आहे. व्यभिचार आणि मनुष्यवध या दोन्हींना मोशेच्या नियमशास्त्रात मृत्युदंड होता, हे लक्षात घेतले म्हणजे ही क्षमा केवढी मोठी होती ते समजते. मात्र त्या वेळी उरीया मातीखाली होता आणि त्याला कोणीही काहीही विचारले नव्हते.

या धाग्याचा विषय तोच आहे. ख्रिस्ती श्रद्धेत देव पूर्णपणे न्यायी आहे आणि पूर्णपणे क्षमाशीलही आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवून आपण पुढे निघून जातो, पण त्यांचा एकमेकींशी मेळ कसा बसतो हे विचारायला कचरतो. पवित्र शास्त्र स्वतः कचरत नाही. निर्गम ३४:६-७ मध्ये परमेश्वर आपली ओळख करून देताना दयाळू, मंदक्रोध, अन्याय व पाप यांची क्षमा करणारा असे म्हणतो आणि लगेच, दोषी जनांची मुळीच गय न करणारा, असेही म्हणतो. नीतिसूत्रे १७:१५ प्रमाणे दुर्जनाला निर्दोष ठरवणारा आणि नीतिमानाला दोषी ठरवणारा, अशा दोघांचाही परमेश्वराला वीट आहे. आता येशूचा प्रेषित पौल याच्याकडे यावे. रोमकरांस पत्र ४:५ मध्ये तो देवाचे वर्णनच ‘अधर्म्याला नीतिमान ठरवणारा’ असे करतो. नीतिसूत्रांत ज्या न्यायाधीशाचा धिक्कार केला आहे, नेमके त्याचेच काम देव करतो, असे प्रथमदर्शनी दिसते. परूशी या नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या परंपरेत वाढलेल्या पौलाला हा विरोध जाणवला नसेल, हे मला पटत नाही.

दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले असे, की देव प्रेमरूप आहे, त्यामुळे तो क्षमा करतो आणि त्यात अधिक काही समजून घेण्यासारखे नाही. या उत्तरावर सर्वांत कठोर टीका अकराव्या शतकात कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने केली. १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात तो म्हणतो, की पापाची भरपाई किंवा शिक्षा यांपैकी काहीही न होता केवळ दयेने पाप सोडून दिले, तर पाप करणारा आणि न करणारा देवापुढे सारखेच ठरतील आणि मग अन्यायच न्यायापेक्षा अधिक मोकळा होईल. उरीयाच्या बाजूने उभे राहून वाचले तर हा आक्षेप अगदी मर्मी लागतो. दावीद सुटला आणि जणू काही घडलेच नाही, असे जो देव म्हणेल त्याच्या चांगुलपणावर उरीयाच्या आईने काय म्हणून विश्वास ठेवावा?

दुसरे उत्तर असे, की शिक्षा झाली, पण ती ख्रिस्ताने वधस्तंभावर भोगली. हिशेब पूर्ण झाला, म्हणून आता क्षमा करता येते. या मांडणीत सत्याचा मोठा अंश आहे असे मी मानते. परंतु ती ज्या पद्धतीने सांगितली जाते, त्यात न्याय म्हणजे एक खतावणी होऊन बसतो. जमा आणि नावे जुळले की झाले, मग रक्कम कोणी भरली याला महत्त्व उरत नाही. मला वाटते की सगळी गफलत या खतावणीच्या चित्रात आहे.

माझे मत थोडक्यात असे, की शास्त्रात देवाचा न्याय प्रामुख्याने बिघडलेले नीट करण्याचा आहे आणि शिक्षा हे त्याचे एक साधन आहे, कधी अपरिहार्य, कधी नव्हे. क्षमा ही त्या न्यायाला दिलेली सूट नव्हे. ज्याचा अपराध झाला त्याने नुकसान स्वतःच्या अंगावर घेऊन नीट करण्याच्या कामाला केलेली ती सुरुवात आहे. मत्तय १८ मधील राजा दहा हजार तालांतांचे, म्हणजे प्रचंड रकमेचे, कर्ज सोडतो, तेव्हा ते कर्ज हवेत विरत नाही. तेवढ्या रकमेने राजाचा खजिना रिकामा होतो. वधस्तंभ हा त्या खर्चाचा दृश्य पुरावा आहे. असे असले तरी उरीयाचा प्रश्न माझ्या या मांडणीतही पूर्ण सुटत नाही. त्याविषयी वाचकांकडून ऐकण्याची इच्छा आहे.

शंकासूर

लेख प्रामाणिक आहे, म्हणून आक्षेपही स्पष्ट मांडतो. मी श्रद्धावान नाही, पण या विषयाचे वाचन बरेच केले आहे.

आपण दुसऱ्या उत्तराला सौम्यपणे बाजूला सारले आहे. सोळाव्या शतकात इटालियन विचारवंत फाउस्टो सोझिनी याने त्या उत्तराची जी चिरफाड केली, तिला आजवर समाधानकारक प्रत्युत्तर मिळाले आहे असे मला वाटत नाही. त्याचा युक्तिवाद असा, की कर्ज फेडले गेले असेल तर ते माफ झाले असे म्हणता येत नाही, आणि माफ झाले असेल तर ते फेडून घेण्याची गरज नव्हती. देवाने पूर्ण भरपाई वसूल केली असेल तर त्याने क्षमा केली नाही, फक्त पैसे दुसऱ्याच्या खिशातून घेतले. दुसरा मुद्दा त्याहून गंभीर आहे. पैशाचे देणे मित्र फेडू शकतो, पण अपराध हे व्यक्तीला चिकटलेले असतात. पुढे जर्मन तत्त्वज्ञ कांटनेही १७९३ मध्ये हेच म्हटले, की नैतिक अपराध हे दुसऱ्याच्या नावावर चढवता येण्याजोगे ऋण नव्हे. आणि हे सांगायला तत्त्वज्ञांची तरी गरज काय? यहेज्केल १८:२० स्वच्छ सांगते, की जो जीव पाप करील तोच मरेल. मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही.

यावरून आपल्या कथेतील एका पात्राकडे लक्ष वेधतो, ज्याचा उल्लेख आपण टाळला आहे. दावीदाला ‘तू मरणार नाहीस’ असे सांगितल्यानंतर पुढच्याच वचनात नाथान सांगतो, की तुला झालेला मुलगा मात्र मरेल. सातव्या दिवशी तो मुलगा मरतो. म्हणजे या न्यायात अपराधी जगतो, एका निरपराध्याचा खून पचतो आणि दुसरा निरपराधी मरतो. बिघडलेले नीट करणारा न्याय तो हाच काय?

वाटसरू

शंकासूर यांच्या पहिल्या मुद्द्याला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी प्रोटेस्टंट मंडळीत वाढलो आहे आणि ख्रिस्ताने आपल्या ऐवजी दंड सोसला, या शिकवणीला मी चिकटून आहे. मात्र त्या शिकवणीचे जे व्यंगचित्र प्रचलित आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही.

व्यंगचित्र असे, की संतापलेला पिता, निरपराध पुत्र आणि सुटून गेलेला अपराधी असे तीन वेगवेगळे पक्ष आहेत आणि पित्याने आपला राग त्रयस्थावर काढला. असे असते तर सोझिनीचा आक्षेप बिनतोड ठरला असता. परंतु त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव आहे ही, शिकवण मान्य केल्यावर वधस्तंभावर त्रयस्थ कोणी उरतच नाही. ‘देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता,’ असे पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (५:१९) लिहितो. ज्याचा अपराध झाला तोच भार उचलतो, आणि योहान १०:१८ प्रमाणे तो स्वेच्छेने उचलतो. ‘माफ केले की फेडून घेतले’ हा पेच धनको आणि फेडणारा वेगळे असतील तेव्हाच उभा राहतो. धनकोनेच स्वतः फेडले, तर त्याला माफी म्हणायचे की फेड, हा प्रश्न फारसा उरत नाही.

रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील २५ आणि २६ ही वचने या संदर्भात सावकाश वाचावीत. देवाने आपल्या सहनशीलतेने पूर्वीची पापे दंड न करता जाऊ दिली होती, आणि म्हणून त्याच्या नीतिमत्त्वावर प्रश्नचिन्ह लागले होते. वधस्तंभ त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून जगापुढे मांडला गेला, अशासाठी की देवाने स्वतः नीतिमान असावे आणि येशूवर विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवणाराही असावे. आपण म्हणता ते खरेच आहे. पौलाला विरोध जाणवला होता, आणि पूर्वी सोडून दिलेल्या पापांत दावीदाचे पाप नक्कीच येते, कारण चौथ्या अध्यायात तो दावीदाचेच उदाहरण घेतो.

अभ्यासू

कॅथलिक परंपरेतील एक वेगळा सूर येथे नोंदवणे आवश्यक वाटते, कारण चर्चा अँसेल्म आणि त्याचे विरोधक यांच्यातच अडकली आहे.

तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस याने विचारले, की ख्रिस्ताच्या दुःखसहनाशिवाय मनुष्याची सुटका करणे देवाला शक्य होते का? अँसेल्मचे उत्तर नाही असे होते. थॉमस मात्र म्हणतो, की शक्य होते आणि त्यात अन्यायही झाला नसता. त्याने दिलेले कारण फार महत्त्वाचे आहे. न्यायाधीशाला एखाद्याविरुद्ध झालेला गुन्हा दंडाविना सोडता येत नाही, कारण तो दुसऱ्या माणसाचा, राज्याचा किंवा वरिष्ठाचा अपराध असतो. देवाला वरिष्ठ कोणी नाही आणि पाप हे त्याच्याविरुद्धच असते. माणूस स्वतःचा झालेला अपराध सोडून देतो तेव्हा आपण त्याला अन्यायी म्हणत नाही, दयाळू म्हणतो. वधस्तंभाचा मार्ग देवाने निवडला तो दुसरा मार्ग नव्हता म्हणून नव्हे. त्या मार्गात मनुष्यासाठी सर्वाधिक भले होते म्हणून.

अन्यत्र तो आणखी एक उदाहरण देतो. एखाद्याला शंभर दिनार देणे असता कोणी आपल्या खिशातून दोनशे दिले, तर त्याने न्याय मोडला असे होत नाही. न्यायापेक्षा अधिक केले असे होते. त्याच्या मते दया ही न्यायाची परिपूर्ती आहे. मला स्वतःला ही मांडणी अँसेल्मपेक्षा अधिक मोकळी वाटते, जरी ती उरीयापाशी येऊन थबकते. शंभरऐवजी दोनशे मिळाले ते दावीदाला.

दुसरी गोष्ट शिक्षेविषयी. कॅथलिक शिकवणीत अपराधाची क्षमा आणि त्यातून उरणारा तात्पुरता दंड यांत भेद केला जातो. पापनिवेदनाच्या संस्कारात अंतःकरणाचा पश्चात्ताप, तोंडाने कबुली आणि भरपाईचे कृत्य असे तीन भाग पापी माणसाकडून अपेक्षित असतात. कॅथलिक चर्चच्या त्रेंत येथील धर्मसभेने १५५१ मध्ये ही शिकवण पुन्हा स्पष्ट केली आणि तिच्या समर्थनार्थ ज्या उदाहरणांकडे बोट दाखवले जाते त्यांत दावीद अग्रभागी असतो. त्याला क्षमा मिळाली, तरी ‘तलवार तुझ्या घरातून कधी जाणार नाही’ हे शब्द टळले नाहीत. अम्नोन, अबशालोम, अदोनीया ही त्याची मुले एकामागून एक हिंसेत मेली. चोरलेली वस्तू परत न करता केलेले पापनिवेदन अपुरे आहे, हे कोणताही धर्मगुरू सांगेल.

जुना वकील

मी धर्मशास्त्राचा जाणकार नाही, पण थॉमस अक्वायनस यांचा जो युक्तिवाद वर आला आहे त्यात अधिकारक्षेत्राचा प्रश्न दडलेला आहे आणि तो माझ्या परिचयाचा आहे.

धनको आणि न्यायाधीश या दोन भूमिका अगदी वेगळ्या आहेत. धनको स्वतःचे येणे सोडू शकतो. न्यायाधीश फिर्यादीचे येणे सोडू शकत नाही. सतराव्या शतकातील डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस याने १६१७ मध्ये सोझिनीला उत्तर देताना नेमका हाच मुद्दा पकडला होता. त्याच्या मते पापाच्या प्रकरणात देव धनको नाही, तो राज्यकर्ता आहे. दंड शिथिल करण्याचा अधिकार राज्यकर्त्याला असतो, पण कायद्याची प्रतिष्ठा टिकेल अशा रीतीनेच तो वापरला पाहिजे, आणि वधस्तंभाने ती प्रतिष्ठा राखली. युक्तिवाद हुशारीचा आहे. मात्र त्यातही उरीया कोठे नाही, आहे ती केवळ कायद्याची प्रतिष्ठा.

आता ५१ वे स्तोत्र पाहावे. त्याच्या शीर्षकातच नाथान दावीदाकडे आला तेव्हाचे स्तोत्र असे म्हटले आहे. त्यात दावीद देवाला म्हणतो, ‘तुझ्याविरुद्ध, तुझ्याचविरुद्ध मी पाप केले आहे.’ वकील म्हणून मला हे वाक्य खटकते. मृताच्या बाजूने कोणी हजर नसताना आरोपीने प्रकरण आपल्याला सोयीच्या न्यायालयात नेल्यासारखे ते वाटते. यहूदी परंपरेने येथे स्पष्ट रेषा आखली आहे. मिश्ना या यहूदी धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहातील योमा या प्रकरणात म्हटले आहे, की मनुष्य आणि देव यांच्यामधील अपराधांचे प्रायश्चित्त प्रायश्चित्ताच्या दिवशी होते, परंतु मनुष्य आणि त्याचा शेजारी यांच्यामधील अपराधांचे प्रायश्चित्त, शेजाऱ्याचे समाधान केल्याखेरीज होत नाही. ख्रिस्ती श्रद्धेत ही रेषा आहे की पुसली गेली आहे?

पैलतीर

जुना वकील यांच्या प्रश्नाने धागा जेथे न्यायचा होता तेथे आला आहे, म्हणून आधी त्याला उत्तर देते.

रेषा पुसली गेलेली नाही. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण आणताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन भावाशी समेट कर. उपासना अर्धवट थांबवण्याची ही आज्ञा आहे. देवाशी हिशेब मिटवून शेजाऱ्याला वगळण्याची सोय येथे दिलेली नाही. लूक १९ मधील जक्कय या श्रीमंत जकातदाराकडेही पाहावे. येशूने त्याच्याकडे भरपाई मागितल्याचा उल्लेख नाही, तो फक्त त्याच्या घरी उतरतो. तरी जक्कय स्वतः उभा राहून म्हणतो, की अन्यायाने कोणाचे काही घेतले असेल तर ते चौपट परत करतो. चौपट हा आकडा निर्गम २२:१ मधील मेंढराच्या चोरीच्या दंडाचा आहे, आणि नाथानाची गोष्ट ऐकून दावीदाने त्या श्रीमंत माणसाला नेमका हाच दंड सुनावला होता. दावीदाला तो भरता आला नाही, कारण कोकरी परत देता येते, उरीया परत देता येत नाही. तारण आले आणि भरपाई सुटली, असे जक्कयाच्या घरी घडले नाही. ‘आज या घराला तारण प्राप्त झाले आहे’ हे शब्द चौपटीनंतर येतात.

शंकासूर यांनी त्या बाळाचा प्रश्न उचलला. या मृत्यूला काही भाष्यकार दंड न म्हणता परिणाम म्हणतात, पण १२:१४ चा रोख पाहता ते स्पष्टीकरण मला लंगडे वाटते. अनुवाद २४:१६ मध्ये मुलाला बापाच्या अपराधासाठी मारू नये असा माणसांच्या न्यायालयांना निर्बंध आहे आणि यहेज्केल तेच तत्त्व देवाच्या तोंडी घालतो. शास्त्रातच या मृत्यूविरुद्ध साक्ष आहे, एवढेच मी म्हणू शकते. ती साक्ष दडपून गोड अर्थ लावण्यापेक्षा ती उघडी ठेवणे मला बरे वाटते.

उरीयाविषयी आणखी एक निरीक्षण. शास्त्र त्याला विसरू देत नाही. त्याच पुस्तकात दावीदाच्या सदतीस शूरवीरांची यादी आहे (२३:८-३९) आणि तिच्यातील शेवटचे नाव उरीया हित्ती हे आहे. १ राजे १५:५ मध्ये दावीदाची स्तुती करताना ‘उरीया हित्ती याची गोष्ट खेरीजकरून’ असा अपवाद नोंदवला आहे. आणि मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात, येशूच्या वंशावळीत, बथशेबेचे नाव न घेता ‘जी उरीयाची पत्नी होती तिच्यापासून’ असे लिहिले आहे. नंतर हजार वर्षे उलटली, क्षमाही मिळाली, तरी शुभवर्तमानाच्या पहिल्या पानावर तो गुन्हा नावानिशी उभा आहे. ही नोंद मला क्षमेइतकीच महत्त्वाची वाटते, कारण सत्य मिटवून दिलेली क्षमा म्हणजे पीडिताचा दुसऱ्यांदा केलेला घात असतो.

मूकवाचक

पूर्वेकडील मंडळींचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहितो आहे. सातव्या शतकातील सिरियाक परंपरेतील संन्यासी, निनवेचा इसहाक, जो काही काळ तेथे बिशपही होता, तो या सगळ्या वादाला एका झटक्यात उलटे करतो. देवाला न्यायी म्हणू नका, असे तो सांगतो, कारण तुमच्या बाबतीत त्याचा न्याय दिसतच नाही. पुरावा म्हणून तो द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला देतो, जेथे शेवटच्या तासाला आलेल्यालाही दिवसभर राबलेल्याएवढाच दिनार मिळतो. आणि उधळ्या पुत्राचा बाप, जो मुलाचे माफीचे पाठ केलेले भाषण पुरते ऐकूनही घेत नाही.

मला इसहाक प्रिय आहे, तरी मी त्याला उरीयाच्या घरी पाठवायला धजणार नाही. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसभर राबलेल्यांचे काही हिरावले गेले नव्हते. त्यांना ठरलेला दिनार मिळाला होता. उधळ्या पुत्राने बापाची मालमत्ता उधळली होती, थोरल्या भावाला ठार केले नव्हते. हे दोन्ही दाखले देवाच्या औदार्याविषयी आहेत. एका माणसाने दुसऱ्याची केलेली हानी त्यांत नाही.

शंकासूर

मूकवाचक यांच्या प्रतिसादाशी मी अनपेक्षितपणे सहमत आहे. मग पुढचा प्रश्न अपरिहार्य होतो. आयुष्यभर लोकांना छळून मृत्युशय्येवर दोन वाक्ये बोलणाऱ्याचे काय? लूक २३ मधील वधस्तंभावरील गुन्हेगाराला ‘आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे आश्वासन मिळते. त्याने कोणाला चौपट परत केले?

वाटसरू

त्याला परत करण्यासाठी हात मोकळे नव्हते, हे पहिले. दुसरे असे, की त्याने जे करणे शक्य होते ते केले. आपल्या सोबत्याला तो म्हणतो, की आपली शिक्षा तर यथान्याय आहे, आपण आपल्या कृत्यांचे योग्य फळ भोगत आहोत. क्षमेची याचना करण्यापूर्वी त्याने स्वतःवरचा निकाल मान्य केला. पश्चात्तापाची ही पहिली खूण आहे, आणि बहुतेक स्वस्त क्षमायाचनांत तीच गायब असते.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर याने १९३७ मध्ये स्वस्त कृपेविषयी जे लिहिले त्याचा आशय असा, की पश्चात्तापाशिवाय क्षमेची घोषणा करणारी मंडळी पापाला नीतिमान ठरवते, पाप्याला नव्हे. नाझी राजवटीशी जुळवून घेणारी चर्च त्याच्या डोळ्यांपुढे होती आणि १९४५ मध्ये त्याच राजवटीने त्याला फाशी दिली. कृपेचे मोल कमी करण्याने प्रत्यक्षात काय होते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

अभ्यासू

या चर्चेचा व्यवहारात होणारा गैरवापर नोंदवला पाहिजे. मारहाण करणाऱ्या पतीला क्षमा कर, देवानेही तुला क्षमा केली आहे, असे पीडितेला सांगणारे लोक आपल्या मंडळ्यांत आहेत. मुलांवरील अत्याचार दडवताना हीच भाषा वापरली गेली. मत्तय १८ मधील ‘सातांच्या सत्तर वेळा’ हे वचन तेव्हा पुढे केले जाते, पण त्याच अध्यायात पंधराव्या वचनापासून अपराध्याला तोंडावर दोष दाखवणे, साक्षीदार नेणे आणि न ऐकल्यास मंडळीपुढे प्रकरण ठेवणे हा क्रम दिला आहे, तो सोयीने गाळला जातो. देवाने केलेली क्षमा पोलिसांकडील तक्रार मागे घेण्याचे कारण होऊ शकत नाही. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल शासनाच्या दंडाधिकाराला देवाचा सेवक म्हणतो. बाराव्या अध्यायात सूड घेऊ नका असे सांगून झाल्यावर लगेच.

पैलतीर

अभ्यासू यांनी बाराव्या अध्यायाचा उल्लेख केला, त्यावरून मूळ प्रश्नाविषयी मला जे म्हणायचे आहे ते मांडते.

‘सूड घेणे माझ्याकडे आहे’ या वचनात सूड अनावश्यक आहे असे म्हटलेले नाही. तो कोणाच्या हाती असावा एवढे म्हटले आहे. प्रकटीकरण ६:१० मध्ये वधलेल्यांचे आत्मे वेदीखालून ओरडतात, की हे स्वामी, तू न्यायनिवाडा करण्यास आणि आमच्या रक्ताबद्दल सूड घेण्यास किती उशीर लावणार? स्वर्गात पोहोचलेले संतही न्याय मागत आहेत आणि त्यांना कोणी दटावत नाही. त्यांना शुभ्र झगे दिले जातात आणि थोडा वेळ थांबा असे सांगितले जाते. म्हणजे पीडिताची फिर्याद देवाच्या दरबारात दाखल आहे आणि ती निकालात काढलेली नाही.

यामुळेच मला वाटते, की ख्रिस्ती श्रद्धेत न्याय आणि क्षमा यांचा मेळ वधस्तंभावरच पूर्ण होतो असे समजणे अपुरे आहे. मेलेल्यांचे पुनरुत्थान काढून टाका, मग वर मांडलेले सर्व सिद्धांत, अँसेल्मचा, थॉमसचा, ग्रोशियसचा, उरीयापुरते तरी कोसळतात. मृत माणूस कायमचा मृत राहणार असेल, तर त्याच्या मारेकऱ्याला दिलेली कोणतीही क्षमा, मग ती देवाने दिलेली का असेना, मृताच्या पाठीमागे केलेला व्यवहार ठरेल. न्याय म्हणजे बिघडलेले नीट करणे असेल, तर उरीयाचे आयुष्य त्याला परत मिळाले पाहिजे आणि तो व दावीद समोरासमोर आले पाहिजेत. शेवटच्या न्यायाच्या शिकवणीची भीती घालण्यासाठी फार वापर झाला. तिच्यात पीडितांना मिळणारी सुनावणी आहे, हे क्वचितच सांगितले जाते.

जुना वकील

हे मला पटण्याजोगे वाटते, पण एक कायदेशीर शंका राहते. त्या सुनावणीत उरीयाने क्षमा नाकारली तर? त्याला क्षमा करणे भाग पाडले जाणार असेल, तर ती सुनावणी नाममात्र आहे. त्याला नकाराधिकार असेल, तर दावीदाचे तारण उरीयाच्या मर्जीवर टांगलेले राहते.

पैलतीर

दुसरा पर्याय ख्रिस्ती शिकवणीत बसत नाही. दावीदाचा निकाल देव देतो, उरीया नव्हे. पहिलाही मला मान्य नाही, कारण सक्तीने वदवून घेतलेली क्षमा ही क्षमाच नसते. माझ्यापुरते मी असे मानते, की उरीयाची क्षमा उरीयाचीच राहते आणि देव त्याच्या वतीने ती देत नाही. देव स्वतःची देतो. वधस्तंभावर येशूने ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ अशी प्रार्थना केली ती स्वतःला खिळणाऱ्यांसाठी, आणि पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याने दगडमार होताना तशीच प्रार्थना केली तीही स्वतःवर दगड टाकणाऱ्यांसाठी. दुसऱ्याच्या जखमेची क्षमा परस्पर वाटून टाकल्याचे उदाहरण मला शुभवर्तमानांत आढळत नाही. उरीया समोर आल्यावर काय म्हणेल हे त्याच्यावर सोडावे लागेल, आणि दावीदाला ते उभे राहून ऐकावे लागेल.

शंकासूर

श्रद्धा नसलेल्याला पुनरुत्थानाचा आधार घेता येत नाही, त्यामुळे माझ्यासाठी उरीयाचा खटला कायमचा प्रलंबित आहे. तरी एवढे नोंदवतो, की आपल्या मांडणीनुसार मंडळीतील कोणालाही पीडिताच्या वतीने ‘झाले गेले विसरून जा’ असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. या निष्कर्षावर मी श्रद्धेविना सही करायला तयार आहे.